बारक्याचे फर्मे

१

सकाळी सातला दुकान उघडायचं काम बारक्याचं. शटर वर ढकलायचं, दिवा लावायचा, सरस वितळवायची शेगडी पेटवायची, चपला काढायच्या आणि टेबलाखालचे कामाचे बूट पायात चढवायचे. यात कुठेही डोकं लागत नव्हतं, म्हणूनच ते त्याला झेपत होतं. डोकं चालायला लागलं की त्याचे हात चालायचे. गेल्या बारा दिवसांत त्याने दोन हातोड्या भिंतीवर फेकल्या होत्या. एका गिऱ्हाइकाने 'घरी सगळे बरे ना?' एवढंच विचारलं, तर त्याला दंडाला धरून बाहेर काढलं होतं.

बारा दिवसांपूर्वी त्याची जुळी बहीण गेली होती. ताप छातीत उतरला आणि तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. वय चोवीस.

त्या सकाळी बारक्या बूट ओढायला टेबलाखाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. नाड्या सुटलेल्या होत्या. नुसती गाठ सुटलेली नव्हती. प्रत्येक भोकातून नाडी सैल ओढून, जीभ बाहेर खेचून, बुटाचं तोंड जेवढं फाकेल तेवढं फाकवून ठेवलं होतं. अडणारा पाय आत घालायचा असला की करतात तसं.

बारक्या बूट काढताना नाडी कधीच सोडत नसे. टाचेवर टाच दाबायची आणि पाय उपसायचा. या आळशीपणाबद्दल बापाच्या शिव्या त्याने लहानपणापासून खाल्ल्या होत्या.

"मीच सोडल्या असतील," तो मोठ्याने म्हणाला. रिकाम्या दुकानात ते त्यालाच खोटं वाटलं. नाड्या आवळून तो कामाला बसला. दुसऱ्या दिवशी बूट पुन्हा तसेच उघडे होते.

२

मापाचे बूट करणाऱ्यांचं ते घर. आजापासूनचं. दुकानाच्या मागच्या भिंतीवर छतापर्यंत खिळे होते आणि प्रत्येक खिळ्यावर लाकडी पायांची एकेक जोडी टांगलेली. त्यांना दुकानात फर्मे म्हणत. गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने कडेकडेने रेघ मारायची, त्या मापाने लाकूड तासायचं, आणि मग त्या माणसाचे जन्मभराचे बूट त्याच फर्म्यावर ओढायचे. पायाला कुठे गाठ आली, बोट वाकडं झालं, तर फर्म्याच्या तेवढ्याच जागी चामड्याचा तुकडा डकवायचा. गिऱ्हाईक मेलं की फर्मे खिळ्यावरून उतरवून शेगडीत घालायचे. रिकामा खिळा नव्या पायाची वाट बघायचा.

जुळ्यांतली बहीण अकरा मिनिटांनी आधी आली, म्हणून ती थोरली, आणि हा बारक्या. दोघं चेहऱ्याने इतकी सारखी की मशीनवर वरचं चामडं शिवणारे काका म्हणायचे, "एकाच फर्म्यावर दोन जोड ओढलेत. एकाला मिशी लावायची तेवढी राहिली." यावर थोरली त्यांना म्हणायची, "तुम्ही आधी स्वतःच्या डोक्यावर केस लावा, काका, मग माझ्या मिशीचं बघू."

दुकानात ती बारक्याची पँट, बारक्याचा सदरा आणि वर चामड्याचा एप्रन घालायची. केस बारीक. नवी गिऱ्हाइकं तिला पोरगाच समजायची आणि ती त्यांना समजू द्यायची. अशा दिवशी तिचा हात काय सुरेख चालायचा! कामाला सोयीचं पडतं म्हणून बाप गप्प बसे. घरी आणि नातेवाइकांत मात्र नीट कपडे पाहिजेत, असा त्याचा दंडक.

एकोणिसाव्या वर्षी एका दुपारी दोघं चामड्याला मेण घासत बसले होते. मान वर न करता ती म्हणाली, "बारक्या, मी थोरली नाहीये रे."

"मग काय, अकरा मिनिटं चुकली का?"

"ते नाही. मी थोरला आहे. तू तरी तसं म्हण."

बारक्या चौथीपुढे शिकलेला नव्हता. त्याला फार विचार करता येत नसे, आणि त्या दिवशी ते बरंच झालं. "बरं, थोरल्या," तो म्हणाला. "मेण दे इकडे." समोरच्याने मेण दिलं आणि बाहीने नाक पुसलं. बस, एवढंच.

तेव्हापासून दोघंच असले की थोरला. ही गोष्ट बारक्याच्या बाजूने सांगायची आहे, तेव्हा इथून पुढे आपणही थोरलाच म्हणू.

थोरल्याच्या नावाचे फर्मेही भिंतीवर होते. सोळाव्या वर्षी बापाने स्वतः तासलेले, नाजूक, पुढे निमुळते. त्यांवर बापाने एकच जोड केला. नात्यातल्या एका लग्नासाठी, मरून रंगाचा, बारीक टाचेचा, बकल लावलेला. दिवसभर तो घालून थोरला हसतमुखाने हिंडला आणि रात्री बारक्याने त्याचे पाय कोमट पाण्यात धरले, तेव्हा पाणी लाल झालं. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटाखाली गेली ती गेलीच.

कामाचे बूट दोघांत एकच जोड. जो आधी उठेल त्याचे. ते बारक्याच्या फर्म्यांवर केलेले होते. थोरल्याने गुपचूप डाव्या फर्म्याच्या करंगळीपाशी चामड्याचा तुकडा डकवला आणि तो जोड बेतला, आणि दोघांनाही तो चालला. बापाला वाटलं, बारक्याचा पाय रुंदावला.

३

हॉस्पिटलातून आणल्यावर आईने आणि मावशीने थोरल्याला नीट कपडे घातले. बारीक केस दिसू नयेत म्हणून डोक्यावरून पदर घेतला. ओठांना काहीतरी लावलं. बारक्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा होता. मग बाप आतून मरून जोड घेऊन आला.

"माझ्या हातचं घालून जाऊ दे पोरीला," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. लोकांनी माना हलवल्या. कुणालाही भरून यावं असाच तो प्रसंग होता.

पाय आत जाईना. बापाने पितळी पट्टी आणली. ती टाचेमागे घालून ढकलून पाहिलं. "मेल्यावर सुजतात पाय," तो खाली बघत म्हणाला. पण पाय सुजलेले नव्हते. ते पाय रोज तेवढेच असायचे, हे त्या खोलीत बारक्याला माहीत होतं. शंभर पावलांवर, दुकानात, टेबलाखाली कामाचे बूट आहेत, हेही माहीत होतं. धावत गेला असता तर पाच मिनिटांत आला असता. एक वाक्य बोलायचं होतं. हातोड्या फेकणाऱ्या, गिऱ्हाईक हाकलणाऱ्या बारक्याच्या तोंडून ते एक वाक्य निघालं नाही.

बापाने गुडघा टेकवून जोर लावला. आत काहीतरी वाजलं, वाळलेली काडी वाजते तसं. मग पाय गेला. बापाने बकल लावलं आणि थोरल्याला त्या जोडासकट नेलं.

४

"थोरलीचे फर्मे उतरव," बाप तेराव्या दिवशी म्हणाला. "घाल शेगडीत. किती दिवस ठेवायचे?"

बारक्याने ते उतरवले. हातात किती हलके लागत होते! शेगडीत टाकल्यावर ते चटकन पेटले आणि शांतपणे जळून गेले. बाप पाठमोरा उभा होता. मग एक वाजता तो घरी जेवायला निघून गेला. आधी त्याचा डबा दुकानात यायचा, पण हल्ली तो घरीच जायचा. आई एकटी पडते, म्हणायचा.

दीडच्या सुमाराला माळ्यावर पाऊल वाजलं.

दुकानाच्या वर लाकडी तक्तपोशीचा माळा होता, कातड्यांच्या गुंडाळ्या ठेवायचा. जिना अरुंद, खाली त्याला धुळीसाठी लावलेला जाड पडदा. इतके दिवस बारक्या दुपारी हातोडी बडवत असे; आज तो सोलला आरीने भोकं पाडत होता. टक्. मग काहीतरी ओढल्याचा आवाज. मग पुन्हा टक्. बारीक टाच टेकते, आणि दुसरा पाय उचलवत नाही म्हणून फरफटत येतो, तसं. डोक्यावरून ते भिंतीपर्यंत गेलं, थांबलं, परत फिरलं.

"काका!" बारक्या ओरडला. मशीनकाका दाराबाहेरच्या बाकावर डबा खात होते. "वर काय वाजतंय?"

"मला काय विचारतोस, माझे कान मशीनने खाल्लेत. मांजर असेल."

"मांजर टाच वाजवतं का?"

"मग मांजरीण असेल, नटलेली," काका म्हणाले, आणि बारक्याचा चेहरा बघून त्यांनी घास तसाच ठेवला. "बारक्या, जेव रे काहीतरी. उपाशी माणसाला काहीही ऐकू येतं."

बारक्या जिना चढून वर गेला. कातड्यांचा उग्र वास, कौलातून आलेली उन्हाची एक पट्टी, आणि कोणी नाही. उंदीर असेल, त्याने स्वतःला समजावलं. लाकूड उन्हाने तडतडतं. गुंडाळी घसरली असेल. खाली उतरता उतरता त्याची नजर तक्त्यांवरच्या धुळीवर गेली. त्यात मापून काढल्यासारखी लहान भोकं होती, हरभऱ्याएवढी, एकापुढे एक. प्रत्येक भोकाशेजारी एक लांबलचक पुसट ओरखडा.

फर्मे तर जाळले, त्याच्या मनात आलं. मग हे कोण?

आणि मग जिन्यातच त्याला कळलं. त्याने जे जाळलं त्या मापाचे पाय कधी कुणाचे नव्हतेच. थोरल्याचा खरा पाय अजून खिळ्यावर होता. बारक्याच्या नावाच्या फर्म्यात, करंगळीपाशी डकवलेल्या त्या तुकड्यात.

५

संध्याकाळी त्याने कामाचे बूट दुकानात ठेवताना स्वतःच नाड्या पूर्ण सोडल्या, जीभ बाहेर ओढली आणि ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर मांडले. सकाळी बूट टेबलाच्या पायाशी आडवे पडले होते. डाव्याच्या आत करंगळीच्या बाजूला नखाने खरवडल्यासारखं झालं होतं.

बारक्याने आत बोटं घालून चाचपलं. थोरल्याच्या करंगळीने वर्षानुवर्षं पाडलेला फुगवटा तिथे नव्हता. दोन आठवडे फक्त बारक्याने ते बूट घातले होते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. थोरल्याची तेवढीच एक वस्तू उरली म्हणून काढवत नव्हते. त्या घालण्यानेच चामडं बसलं होतं, आता ते नुसतं बारक्याचं झालं होतं. त्याने बूट छातीशी धरला आणि दार लावून गुरासारखा रडला.

मग त्याने कागदांचा कप्पाच उपसून जमिनीवर ओतला. त्यात साऱ्या गिऱ्हाइकांच्या पायांच्या रेघा होत्या. एक वाजून गेला होता आणि बाप जेवायला निघण्याच्या घाईत होता.

"काय मांडलंयस हे?"

"थोरलीचा पाय केवढा होता, बाबा?"

"फर्मे जाळले ना? मग संपलं."

"केवढा होता?"

बारक्याला कागद सापडला. त्यावर दोन रेघा होत्या. बाहेरची पेन्सिलीची, सोळा वर्षांच्या पायाभोवती फिरवलेली, टाचेशी थोडी थरथरलेली, कारण गुदगुल्या झाल्या म्हणून थोरला हसला होता. आणि तिच्या आत, सगळीकडून अर्धं बोट सोडून, शाईची दुसरी रेघ. ठाम, एका झटक्यात मारलेली, बापाच्या हातची.

"ही आतली कसली?"

"पोरीचा पाय होता तो," बाप म्हणाला. "एवढा थोराड फर्मा पोरीच्या नावाने टांगला असता तर लोक हसले असते."

"लोक हसतील म्हणून बोटं मोडलीत?"

"तोंड सांभाळ. तिच्या भल्याचंच बघत होतो मी. ती तुझी पँट घालून बसायची, मी बोललो कधी? एक पाय तरी पोरीचा राहू दे म्हटलं."

"ती पोरगी नव्हती," बारक्या म्हणाला. बारा-पंधरा दिवस उशिराने का होईना, ते वाक्य निघालं. "मला म्हणाला होता तो. पाच वर्षांपूर्वी. मी एकट्यानेच ऐकलं आणि एकट्यापाशीच ठेवलं."

बाप त्याच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर छताला लागली होती. बारक्याला काही ऐकू येण्याच्या आधीच लागली होती. मग वाजलं. टक्. फरफट. टक्.

"रोज दीडला," बाप हळू आवाजात म्हणाला. "नेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. म्हणून तर जेवायला घरी जातो."

दोघं छताकडे बघत उभे राहिले. आवाज भिंतीपर्यंत गेला आणि परत फिरला. मग बारक्याने हात वर करून स्वतःचे फर्मे खिळ्यावरून उतरवले.

"काय करतोयस?"

"त्याला त्याच्या मापाचा एक जोड करतोय. एक तरी. नवा कोरा."

"बारक्या, ऐक." बापाने त्याचं मनगट पकडलं. हात बर्फासारखा होता. "नवे फर्मे तास. तुझ्या नावाच्या फर्म्यावर दुसऱ्याचा जोड ओढायचा नसतो. माझा बाप म्हणायचा."

"का?"

"का ते त्याला विचारायची सोय नव्हती."

"माझा आणि त्याचा फर्मा वेगळा नाहीच," बारक्या म्हणाला आणि मनगट सोडवून घेतलं. नवे तासायला आठवडा गेला असता. वरच्या पायांना आणखी आठवडा चालायला लावायचं त्याच्याच्याने होणार नव्हतं.

६

चार दिवसांत जोड झाला. काळे, घोट्यापर्यंतचे, दुहेरी तळव्याचे. बारक्याने जन्मात इतकं चांगलं काम केलं नव्हतं. टाका न् टाका मोजून मारल्यासारखा. चामडं कापायची रापी चालवताना आपला हात आपला नाही, थोरल्याचा आहे, असं त्याला दोन-तीनदा वाटलं, आणि त्यात भीती नव्हती, सोबत होती. मशीनकाकांनी जोड हातात घेऊन उलटापालटा केला. "कुणाचा रे हा?"

"भावाचा."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. जोड त्यांनी दोन्ही हातांनी खाली ठेवला. मग ते तंबाखू मळत बाहेर गेले.

पाचव्या दिवशी एक वाजता बाप जेवायला गेला. बारक्याने नवे बूट जिन्याच्या पायथ्याशी, पडद्याच्या आत ठेवले आणि गिऱ्हाइकांसाठीच्या स्टुलावर अनवाणी बसून राहिला. पडदा जमिनीपासून चार बोटं वर होता. बाहेर ऊन होतं, सायकलच्या घंट्या, कोणीतरी पोत्यांचा हातगाडा ओढत होतं. असल्या वेळी काही होत नसतं, असं वाटावं असा उजेड.

टक्. फरफट. माळ्यावरून जिन्यापर्यंत. मग वरून पहिली पायरी. यापूर्वी आवाज कधी जिन्यावर आला नव्हता.

बारक्याने पायऱ्या मोजल्या नाहीत. त्याने फक्त पडद्याखालची फट नजरेत धरून ठेवली. फटीत मरून टोक आलं. कडा जळून काळी झालेली. बकलाचा बारीक आवाज झाला. एक जोडा निघाला, मग दुसरा. आणि उजेडात एक पाय टेकला, उघडा, राखाडी, करंगळी शेजारच्या बोटाखाली दुमडलेली. बोटं हळूच पसरली. किती तरी दिवसांनी पसरावीत तशी.

पाय नव्या बुटात गेला. अडला नाही, कुरकुरला नाही. मग दुसरा. नाडी भोकांतून सरसरत ओढल्याचा आवाज. आणि मग, बूट मापात बसला की प्रत्येक गिऱ्हाईक नकळत सोडतं तसा, एक लांब श्वास.

"बसला का रे, थोरल्या?" बारक्या म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी चाललं होतं.

पडदा हलला. त्याला मान वर करायची होती. जमलं नाही. गुडघ्यापर्यंतच दिसलं. त्याची स्वतःचीच पँट, गुडघ्याखाली सरसाचा डाग असलेली, जी घरी पेटीत असायला हवी होती. बूट त्याच्यासमोर क्षणभर थांबले. मग ते दाराकडे गेले. दोन्ही पावलं सारखी, भरीव, निवांत. बारक्याच्या आतून आनंदाची अशी एक लाट आली की तो हसला.

"काय बारक्या, कुठे निघालास?" बाहेरून मशीनकाकांचा आवाज आला. "अरे वा, चाल बघा साहेबांची! जेवलास वाटतं आज."

आणि बाहेर कोणीतरी हसलं. बारक्याच्याच आवाजात, पण बारक्याने इतकं मोकळं कधी हसून पाहिलं नव्हतं.

७

निदान पाठमोरा तरी बघावा म्हणून तो उठला आणि कळवळून खाली बसला. बोटांपासून गुडघ्यापर्यंत कळ गेली होती. मुंग्या आल्या असतील, त्याला वाटलं. अनवाणी पाय फरशीवर टेकून इतका वेळ बसलो. खाली बघायचं त्याने बराच वेळ टाळलं.

दुसऱ्यांदा उठायचा प्रयत्न केला तेव्हा फरशीवर टक् वाजलं.

बाप परत आला तो दारात थबकला. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

"बारक्या भेटला नाक्यावर," तो आत बघून म्हणाला. "नवे बूट घालून चालला होता. माझ्याकडे बघून हसला गं. किती दिवसांनी."

बारक्याने तोंड उघडलं. मी इथे आहे, बाबा. मी बारक्या. एवढी पाचसहा शब्दांची गोष्ट. ती घशाशी आली आणि चौकटीला पाठ लावून उभी राहिली.

बाप जवळ आला. गुडघ्यात वाकून तो गिऱ्हाइकापुढे बसतात तसा स्टुलापुढे बसला आणि त्याने मरून जोड्यातला तो पाय अलगद हातात घेतला. आठ वर्षांत, लग्नाच्या दिवशी नाही, त्यानंतर नाही, त्याने जे एकदाही विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"घट्ट होतात का, थोरले?"

"हो," स्टुलावरून उत्तर आलं. "खूप."

बापाने अंगठ्याने टोक दाबून पाहिलं. त्याचे डोळे भरले होते आणि हात फार मायेचे होते.

"चामडंच आहे," तो म्हणाला. "घालशील तसं सैल होईल." आणि त्याने बकल एक भोक आत घेतलं.